धुळ्यात बदली झाली? पहिली गोष्ट, बायपासला उतरू नका

मी मूळची चिपळूणची. आठ वर्षांपूर्वी बदलीचा कागद हातात पडला तेव्हा धुळं नेमकं कुठे हे मला सांगता आलं नसतं. आता दर जूनमध्ये आमच्या कचेरीत कोणी ना कोणी नवीन येतं आणि साहेब त्याला माझ्या टेबलाकडे पिटाळतात, "मॅडमना विचारा, त्यापण बाहेरच्याच आहेत." आठ वर्षांत दोन घरं झाली, मुलगा इथल्या मुलांसारखा बोलायला लागला, तरी मी बाहेरचीच. असो. दरवर्षी तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून या वेळी लिहून काढलं. मी सांगते ते धुळ्याचं. जळगाव-नंदुरबारला गेलात तर थोडं इकडेतिकडे करून घ्या.

उतरायचं कुठे

पुण्या-मुंबईकडून येणाऱ्या रात्रीच्या ट्रॅव्हल्स बऱ्याचदा गावात शिरतच नाहीत. त्यांना पुढे शिरपूर, इंदूर गाठायचं असतं आणि मुंबई-आग्रा महामार्ग गावाला बाजूला ठेवून निघून जातो. मग ते तुम्हाला चौफुलीवर उतरवतात. मला पहाटे साडेतीनला उतरवलं. सहा वर्षांचा मुलगा, तीन बॅगा आणि एक कुकर. कुकर हातात का होता ते विचारू नका, बॅगेत मावला नाही. क्लीनर म्हणाला, "आलं धुळं," आणि गाडी गेली. समोर ट्रकांची रांग, पंक्चरचं दुकान आणि एक चहाची टपरी. गावाचा दिवासुद्धा दिसेना.

टपरीवाल्याने आधी मुलाला खाटेवर झोपवलं, मग मला चहा दिला, मग म्हणाला, "थांबा ताई, जिभाऊले फोन लावस." मला वाटलं तो मलाच विचारतोय, फोन लावतेस का म्हणून. जिभाऊ पाच वाजता रिक्षा घेऊन आले. त्यांनी दीडशे रुपये घेतले. तेव्हाच्या मानाने ते जास्त होते हे मला नंतर कळलं, आणि त्यांना हे मी अजून अधूनमधून ऐकवते. पण बॅगा त्यांनी दुसऱ्या मजल्यापर्यंत नेऊन दिल्या आणि त्यांचा नंबर त्या दिवसापासून माझ्याकडे आहे.

तेव्हा तिकीट काढतानाच विचारा, "स्टँडपर्यंत नेणार की बायपासला सोडणार?" गोलमोल उत्तर आलं तर बायपास समजा. एसटीने आलात तर ती स्टँडमध्ये आणून सोडते, स्टँड भर गावात आहे. रेल्वेने यायचं तर मुंबई-भुसावळ मार्गावर चाळीसगाव लागतं. तिथून धुळ्याला फाटा आहे, छप्पन्न किलोमीटर, आणि धुळ्यात रूळ संपतात. चाळीसगावहून स्टँडवर जाऊन एसटी धरणंही सोपं. रात्री पोहोचणारी गाडी शक्यतो घेऊच नका. नव्या गावात दिवसाउजेडी शिरावं.

गाव डोक्यात कसं बसवायचं

मोबाइलमधला नकाशा इथे रस्ता बरोबर दाखवतो, पण लोक त्या नावांनी बोलत नाहीत. म्हणून आधी दोन रेघा डोक्यात मारा. एक पांझरा नदी. नदीच्या दक्षिणेला जुनं गाव आणि बाजार, उत्तरेला देवपूर. दुसरी रेघ आग्रा रोड. हा जुना मुंबई-आग्रा रस्ता, बाजाराच्या मधून जाणारा. महामार्ग बाहेरून गेला तरी नाव इथेच राहिलं. नवख्याला कोणी "आग्रा रोडला या" म्हटलं की तो हायवेवर जाऊन उभा राहतो. मीही राहिले होते.

आता गंमत गल्ल्यांची. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने धुळं हे मुख्य ठाणं म्हणून निवडलं. जुन्या वस्तीला लागून नवी पेठ आखली गेली. तिथल्या गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. गल्ली नंबर दोन, गल्ली नंबर चार, पाच, सहा. लोक पत्ताही असाच सांगतात, "चौथ्या गल्लीत, मारुतीजवळ." ज्या गावात गल्लीला नंबर असतो तिथे हरवणं अवघड असायला हवं. पण घराला नंबर असतो तो कोणाला माहीत नसतो. गल्ली सापडते, घर सापडत नाही.

घर सापडतं ते माणसाच्या नावाने, आणि नुसतं आडनाव सांगून काही होत नाही. "पाटलांचं घर कुठलं?" असं गल्लीच्या तोंडाशी विचारलं तर समोरचा शांतपणे विचारतो, "कोणते पाटील?" कापडण्याचे, फागण्याचे, नेरचे, कुसुंब्याचे. शहरात तीन पिढ्या काढलेलं घरसुद्धा मूळ गावावरून ओळखलं जातं. म्हणून कोणाकडे जायचं असेल तर आधी फोनवरच विचारून घ्या, "तुमचं मूळ गाव कोणतं म्हणून सांगू?" यात कोणाला राग येत नाही, उलट माणूस खुलतो.

पाचकंदीलला गेल्यावर कंदील शोधू नका, ते बाजाराच्या चौकाचं नाव आहे. बारापत्थरला पत्थर मोजू नका. नदी ओलांडायला मोठा पूल आणि छोटा पूल असे दोन शब्द रोज कानावर पडतील. रिक्षावाल्याने "छोट्या पुलावरून घेऊ?" विचारलं की संध्याकाळच्या वेळी हो म्हणा.

रिक्षा दोन प्रकारे चालते. एक 'स्पेशल', म्हणजे तुमच्या एकट्यासाठी. दुसरी सीटवर. स्टँड, बाजार आणि देवपूरच्या वाटेवर सीटवर भरपूर रिक्षा मिळतात. तुम्ही बसलात आणि काहीच बोलला नाहीत तर काही जण स्पेशल धरून चालतात आणि उतरताना वाद होतो. बसण्याआधीच "एक सीट" म्हणा, विषय संपला. रिक्षात पुढे, चालकाच्या शेजारी बसायला बाईमाणसाला सांगणार नाहीत. मागे तिघी असतील तर चौथी दुसऱ्या रिक्षाची वाट बघते.

रस्ता विचारायचा तो पानाच्या टपरीवर किंवा औषधाच्या दुकानात. कॉलेजच्या पोरांना विचारू नका, ती मोबाइलच काढतात. आणि दुपारी बारा ते पाच विचारायलाच बाहेर पडू नका, निदान एप्रिल-मेमध्ये. पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. आमच्या चिपळुणात घाम येतो, इथे तो यायच्या आत सुकतो. त्यामुळे तहान लागलेली कळत नाही, आणि पहिल्या उन्हाळ्यात मी ऑफिसात चक्कर येऊन पडले ती याच कारणाने. डोक्याला रुमाल बांधायला लाजू नका. इथे सगळेच बांधतात.

'मी येस' म्हणजे काय

माझ्या नव्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या ताईंना पहिल्याच आठवड्यात फोन केला की गॅसची शेगडी पेटत नाही. त्या म्हणाल्या, "मी येस." मला वाटलं, इंग्रजीत होकार देतायत. मी म्हटलं, "येस काय, काय करू सांगा ना." तोवर फोन बंद, आणि दोन मिनिटांत त्या दारात.

अहिराणीत, म्हणजे इथल्या बोलीत, 'मी येस' म्हणजे 'मी येते'. मी जास, मी करस, मी खास. आपल्याकडे क्रियापदाला शेवटी 'स' आला की तो समोरच्याचा, तू जातोस, तू करतेस. इथे तो स्वतःलाही लागतो. चहावाल्याचं 'फोन लावस' तेव्हा डोक्यात बसलं. एवढी एक गोष्ट कळली की अर्धी अहिराणी उलगडते. बाकी थोडे शब्द पुरतात. 'आहे'ला 'शे'. 'मला-तुला'ला 'माले-तुले'. 'इथे-तिथे'ला 'आठे-तठे'. 'आला-आली'ला 'उना-उनी'. 'सगळा'ला 'बठ्ठा', आणि 'बठ' म्हणजे बस. या दोन्हींत माझा मुलगा कितीतरी दिवस घोळ घालायचा. वयाने मोठ्या पुरुषाला जिभाऊ, आबा, नाना, आप्पा यांतलं काहीतरी म्हणा. 'काका' चालतं, पण त्यात थोडं शाळेतलं वाटतं.

लगेच बोलायला जाऊ नका. माझा कोकणी हेल आणि त्यावर 'शे' ऐकून कचेरीतल्या बायका अर्धा तास हसल्या होत्या. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण पुढे आठवडाभर प्रत्येक जण मला ते पुन्हा बोलून दाखवायला सांगत होता. आधी समजून घ्या. शिकली-सवरलेली मंडळी नवख्याशी शुद्ध मराठीत बोलतात आणि आपसात अहिराणीत. बरेच जण ती गावंढळ समजून झाकतातही, याचं मला वाईट वाटतं. माझ्यासमोर वरच्या ताई आणि त्यांची जाऊ पहिल्यांदा अहिराणीत कडकडून भांडल्या तेव्हा मी खूश होऊन घरी आले. पाहुण्यांसमोर कोणी असं भांडत नाही.

घर बघताना

भाडं नंतर. आधी पाणी. "नळाला कितव्या दिवशी येतं? किती वाजता? टाकी केवढी?" आमच्या गल्लीत रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, उन्हाळ्यात ते अंतर वाढतं आणि वेळ कधी रात्री दोनची असते, कधी पहाटे पाचची. खाली जमिनीत हौद आणि वर टाकी असेल तरच घर घ्या. आणि घर घेतल्या दिवशी शेजारणीचा नंबर घ्या. "पाणी आलं की एक मिस्ड कॉल द्या," एवढंच सांगा. या गावात माझी पहिली ओळख या मिस्ड कॉलने झाली. एखाद्या रात्री तुम्हाला आधी जाग आली तर तुम्ही द्या. दोन-तीन वेळा झालं की मग दिवसासुद्धा फोन यायला लागतो.

मूळ गाव, आडनाव, खाणं, हे तीन प्रश्न घरमालक विचारतातच. गाव विचारण्यात जिव्हाळा असतो हे मी वर सांगितलं. आडनाव विचारण्यात जात चाचपणंही असतं, ते झाकून उपयोग नाही. मला दोन घरं मासे खाते म्हणून नाकारली गेली. एका मालकिणीने तर मी कोकणातली म्हटल्यावर पुढचं विचारलंच नाही. तिसऱ्या ठिकाणी मी स्वतःच आधी सांगितलं, "आम्ही मासे खातो, घरात शिजवतो, चालणार असेल तर पुढे बोलू." मालक हसून म्हणाले, "आमचा मोठा मुलगाच बाहेर जाऊन खातो." तिथे मी पाच वर्षं राहिले. आधीच सांगून टाकलेलं बरं. मासे मात्र विसरा. रोहू-कटला मिळतो, गोड्या पाण्यातला. ज्याने बांगडा खाल्लाय त्याला तो चालवून घ्यावा लागतो.

कानबाईच्या घरी काय मागू नये

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते. ज्या घरात बसते तिथे नोकरीसाठी सुरत-पुण्याला गेलेले भाऊ, पुतणे, सगळे येऊन ठेपतात. दिवाळीला एखादा आला नाही तर चालतं, कानबाईला आलाच पाहिजे. तेव्हा त्या आठवड्यात कचेरीत कोणाचंही काम अडलं तर चिडू नका, अर्धा स्टाफ रजेवर असतो.

माझ्या खालच्या मजल्यावर कापडण्याच्या नानी राहायच्या. पहिल्या वर्षी त्यांनी मला दर्शनाला बोलावलं. चौरंगावर नारळाची देवी, डोळे-नाक काढलेली, नथ घातलेली, साडी नेसवलेली. तोच नारळ त्यांच्या सासूच्या सासूपासून चालत आलेला. स्वयंपाकघरात पुरण, खीर, गंगाफळाची भाजी, आणि रोट, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्या. वास असा सुटला होता की माझा मुलगा दारातून हलेना. मी सहज म्हटलं, "नानी, याच्यासाठी एक पोळी द्या ना."

नानी गप्प. सून पदराशी चाळा करायला लागली. कोणीतरी मला चहा आणून दिला. मी घरी आले आणि रात्रभर विचार करत राहिले की यांना आमचं काय चालत नाही. आडनाव? जात? दोन घरं नाकारलेली होतीच, मन तिथेच जाणार.

तिसऱ्या दिवशी नानी वर आल्या आणि समजावून सांगितलं. रोटाचे गहू घरातल्या पुरुषांच्या संख्येप्रमाणे, सव्वाच्या मापाने मोजून दळतात. त्या पिठाचा कण भाऊबंदकीबाहेर जात नाही. उरलं तर तेच लोक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाऊन संपवतात, शेजारी कितीही जवळचा असो. "तुले नई म्हणाले जीभ उचलेना बहीन," त्या म्हणाल्या. त्यांनी हातातलं फडकं सोडलं, आत खापरावर भाजलेले मांडे होते, मुद्दाम वेगळ्या पिठाचे. पापुद्र्यासारखे पातळ आणि ताटाएवढे मोठे. मुलाने चार खाल्ले आणि संध्याकाळी पोट धरून बसला.

तर कानबाईला बोलावणं आलं की जा. नारळ, फुलं न्या. रात्री बायका गाणी म्हणत जागतात, फुगड्या घालतात, तिथे बसा; गाणं येत नसेल तर टाळी द्या. सोमवारी सकाळी देवीला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर नेतात, तिथे चार पावलं चाला. फक्त ताटाकडे बघून काही मागू नका, आणि दिलं नाही तर मनात काही धरू नका.

आखाजीचं उलट आहे. अक्षय्य तृतीयेला सासरच्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, आमरस-पुरणपोळी असते आणि त्या दिवशी कोणीही बोलावलं तर पोटभर जेवा. पुरुष मंडळी पारावर पत्ते कुटत बसतात. पैसे लावून. नव्या माणसाने त्यात बसू नये. आमचे एक सहकारी बसले आणि पगार आठ दिवसांवर आला असताना उसने मागत फिरले.

बाकी ठिकाणं पटकन सांगते. चैत्र पौर्णिमेला देवपुरात पांझरेकाठी एकवीरादेवीची यात्रा भरते, मुलांची जावळं काढायला खानदेशभरातून लोक येतात. गर्दीत एकदा शिरून बघा. जुन्या धुळ्यातला खुनी गणपती नावाने घाबरवतो. पूर्वी तिथे मोठा दंगा होऊन माणसं मेली होती, त्यावरून नाव पडलं. आता विसर्जनाच्या दिवशी त्याची पालखी मशिदीसमोर येते तेव्हा मुस्लिम मंडळी फुलं घेऊन सामोरी येतात. बघायला उभं राहायचं तर लवकर जा.

एकटं वाटतं तेव्हा

नवऱ्याची नोकरी मुंबईत, मुलगा शाळेत, आणि रविवारी दुपारी चार वाजता फ्लॅटमध्ये पंख्याचा आवाज. हे तुम्हालाही होईल. मी आधी कोकणातली माणसं शोधली. दोन घरं सापडली. गणपतीला एकत्र आलो, आणि पुढच्या वर्षी कोणाच्या घरी किती मोदक यावरून रुसवे झाले. आपल्या गावची माणसं जरूर शोधा, पण तेवढ्यावर राहू नका. आपण एकमेकांना भेटून फक्त समुद्राच्या गोष्टी करतो आणि घरी आल्यावर जास्तच रडू येतं.

त्यापेक्षा रोज एकाच वेळी एकाच ठिकाणी जा. मी गरुड वाचनालयाची वर्गणी भरली. वर्तमानपत्रांच्या टेबलावर तेच चार आजोबा रोज असायचे. तीन आठवडे कोणी बोललं नाही, चौथ्या आठवड्यात एकाने माझ्यासाठी पुरवणी बाजूला काढून ठेवली. त्यांच्यातलेच एक मला राजवाडे संशोधन मंडळात घेऊन गेले. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले, आणि त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेली दप्तरं, कागद सांभाळायला हे मंडळ उभं राहिलं. समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी मठांमधून आणलेली हस्तलिखितं आहेत. १९३२ मध्ये धुळ्याच्याच तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरून घेत होते, हे मला त्या आजोबांनी सांगितलं, असं की जणू ते शेजारच्या कोठडीत होते. मी कागद-दस्तऐवजांत रमणारी नाही. पण "काय बघितलं धुळ्यात?" या प्रश्नाला उत्तर मिळालं आणि त्याने बोलणी वाढली.

पाय चालत असतील तर लळिंगला जा. दहाएक किलोमीटरवर, मालेगावच्या वाटेला, फारुकी राजांच्या वेळचा किल्ला. पावसाळ्यात रविवारी सकाळी वर जाणारे घोळके असतात, त्यांच्या मागोमाग चढा. खाली उतरल्यावर शेवभाजी. पहिल्यांदा "कमी तिखट" सांगा. तरी तिखटच येते.

एप्रिलची खरी परीक्षा

एवढं सगळं केलं तरी मला गल्लीत बाई म्हणून मोजलं गेलं ते बिबड्यांमुळे, म्हणजे ज्वारीच्या पापडांमुळे. उन्हाळ्याच्या तोंडावर इथे घरोघरी वर्षाची बेगमी होते: कुरडया, पापड, शेवया, बिबडे. एकटीचं हे काम नाही. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, असे वार ठरतात.

ज्वारी तीन दिवस भिजवायची, उपसायची, सुकवायची, जाडसर दळून कोंडा काढायचा. पहाटे चारला गच्चीवर चूल पेटते. मोठ्या पातेल्यात आधण, त्यात लसूण-मिरचीचं वाटण, जिरं, तीळ, मीठ, मग पीठ. दोघी पातेलं धरतात, तिसरी लाकडी चाटूने घाटते. घाटा घट्ट होत जातो तसा चाटू हलेनासा होतो, मग हात बदलतात. तो गरम असतानाच ओल्या फडक्यावर पाण्याचा हात लावून पातळ थापायचा आणि फडकं उलटं करून खाटेवरच्या धोतरावर अलगद सोडायचा. सूर्य वर यायच्या आत खाट भरली पाहिजे. पोरं वाट्या घेऊन बाजूला बसलेली, गरम घाट्यावर कच्चं तेल घालून खायला.

पहिल्या वर्षी मी नुसता लसूण सोलला. दोन तास. नखं आठ दिवस जळत होती. दुसऱ्या वर्षी थापायला बसवलं. माझे पहिले पाच बिबडे फडक्याला चिकटून फाटले. नानींनी ते गोळा केले, परत पातेल्यात टाकले आणि म्हणाल्या, "पानी कमी लावस तू." झालं एवढंच. सहावा निघाला. तिसऱ्या वर्षी मी माझ्या घरचा वार मागून घेतला.

नवीन असाल तर असं करा. मार्चमध्येच शेजारी विचारून ठेवा, "यंदा बिबडे कधी?" बोलावण्याची वाट बघू नका, नव्या माणसाला कष्टाला बोलवायला लोक संकोचतात. पहाटे वेळेवर जा, उशिरा गेलात तर काम संपलेलं असतं आणि नुसता चहा पिऊन यावं लागतं, ते वाईट दिसतं. स्वतःचा पाट न्या. पैशाचा विषय काढू नका. हिशेब असतो, फक्त कोणी बोलत नाही: मी तिच्याकडे दोन पहाटे गेले, ती माझ्याकडे दोन पहाटे आली. तुमच्या घरचा वार असेल तेव्हा चहा आणि पोहे मुबलक ठेवा. खाटेजवळ एक पोर राखणीला बसवा, कावळे टपलेले असतात. वावटळ दिसली की आधी खाट आत, मग माणसं.

गावी जाताना

सुट्टीत घरी जाताना बिबडे न्या, पण पत्र्याच्या डब्यात; पिशवीत चुरा होतो. थंडी असेल तर भरताची हिरवी वांगी न्या, इथली वेगळी असतात, भाजल्यावर बीसुद्धा लागत नाही. कळण्याचं पीठही न्या, म्हणजे ज्वारी आणि उडदाचं एकत्र दळलेलं, त्या भरताबरोबर भाकरीला. माझ्या आईने पहिल्यांदा खाल्लं तेव्हा नारळ कुठाय म्हणून विचारलं.

येताना काय आणायचं हे मी चुकून शिकले. पहिल्या मे महिन्यात सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, आणले. एसटीत मागच्या तीन रांगा माझ्याकडे बघत होत्या आणि गल्लीत एकाही घरी ते देता आले नाहीत. निम्म्या घरांत माळकरी. आता आमसुलं आणते. उन्हाळ्यात सरबताला इथे त्याची चटक लागली आहे, नानींच्या घरून तर सुरतेच्या मुलाकडेही जातात. दोन किलो आणा. एक किलो आणलीत तर तिसऱ्या मजल्यापर्यंत पुरत नाहीत, आणि मग तिथून पाण्याचा मिस्ड कॉल जरा उशिरा येतो.